रेजिनाल्ड इनेस पोकॉक

रेजिनाल्ड इनेस पोकॉक (४ मार्च, इ.स. १८६३:क्लिफ्टन, ब्रिस्टल, इंग्लंड - ९ ऑगस्ट, इ.स. १९४७) हे एक ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ होते. कोळी, विंचू, गोम, वाणी यांसारखे अष्टपाद व बहुपाद प्राणी हे त्यांच्या अभ्यासाचे पहिले क्षेत्र आणि सस्तन प्राणी, विशेषतः मार्जार कुल, हे दुसरे क्षेत्र होय. इ.स. १९०४ ते इ.स. १९२३ या काळात ते लंडन प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक होते. इ.स. १९११ मध्ये त्यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली.

टॅरेंटुला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या, केसाळ कोळ्यांच्या वर्गीकरणात पोकॉक यांचे स्थान महत्त्वाचे आहे. भारत, श्रीलंका, आफ्रिका आणि अमेरिका येथील अनेक जातींना व प्रजातींना त्यांनी दिलेली नावे आजही प्रचलित आहेत. पुढील काळात हे कोळी घरी पाळण्याची हौस जगभर पसरली. कोणती जाती नवशिक्या पाळकाने निवडावी व कोणती टाळावी, हे ठरवताना आजही प्रथम तिची प्रजाती पाहिली जाते. पोकॉक यांनी स्वतः पाळकांसाठी काही लिहिले नाही. तथापि त्यांच्या वर्गीकरणाचा उपयोग या क्षेत्रात रोजच्या रोज होत असतो.

जन्म आणि शिक्षण

पोकॉक यांचे वडील निकोलस पोकॉक हे धर्मोपदेशक आणि इतिहासकार होते. आई एडिथ ही मानववंशाचे अभ्यासक जेम्स काउल्स प्रिचर्ड यांची कन्या. रेजिनाल्ड हे त्यांचे चौथे पुत्र होत. त्यांचे शालेय शिक्षण ऑक्सफर्ड येथील सेंट एडवर्ड्स स्कूलमध्ये झाले. निसर्गाची त्यांची ओढ पाहून त्यांना एडवर्ड पोल्टन यांचे मार्गदर्शन मिळाले, तसेच ऑक्सफर्डच्या संग्रहालयात तुलनात्मक शरीररचनेचा अभ्यास करण्याची संधी लाभली. पोल्टन हे पुढे प्राण्यांच्या रंगांचे आणि रंगांच्या उपयोगाचे अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले.

त्यानंतर ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पोकॉक यांनी जीवशास्त्र व भूशास्त्र या विषयांचे अध्ययन केले. तेथे विल्यम जॉन्सन सोलास आणि कॉनवी लॉइड मॉर्गन हे त्यांचे अध्यापक होते. प्राण्याच्या एखाद्या कृतीचा उलगडा साध्या कारणाने होत असेल, तर तिच्यामागे वरच्या पातळीची बुद्धी कल्पू नये, हा मॉर्गन यांनी इ.स. १८९४ मध्ये मांडलेला नियम प्राणिवर्तनाच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो. पोकॉक यांचे विद्यार्थिजीवन त्यापूर्वीच संपले होते. तथापि प्राण्याची कृती त्याच्या अवयवांच्या रचनेवरून आणि त्याच्या शत्रूंवरून समजून घ्यावी, ही दृष्टी त्यांच्या कोळ्यांवरील लेखनात ठिकठिकाणी आढळते.

ब्रिटिश म्युझियममधील काळ

इ.स. १८८५ मध्ये पोकॉक हे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागात सहायक म्हणून रुजू झाले. सुमारे वर्षभर त्यांनी कीटक विभागात काम केले. नंतर अष्टपाद आणि बहुपाद प्राण्यांचे संग्रह त्यांच्या ताब्यात देण्यात आले. ब्रिटनमधील पक्ष्यांच्या संग्रहाची मांडणी करण्याचे कामही त्यांच्याकडे आले आणि त्यातून त्यांना पक्ष्यांची आवड लागली, ती कायमची. म्युझियममधील अठरा वर्षांत त्यांनी सुमारे २०० शोधलेख लिहिले. एकट्या वाणी या प्राण्यांच्याच ३०० ते ४०० जातींचे वर्णन त्यांनी केले, यावरून कामाच्या आवाक्याची कल्पना येते.

त्या काळात ब्रिटिश साम्राज्याच्या निरनिराळ्या भागांतून संग्रहालयाकडे नमुने येत असत. वनाधिकारी, सैन्यातील अधिकारी, मळेवाले, धर्मप्रसारक आणि प्रवासी हे मद्यार्कात बुडवलेले कोळी बाटल्यांतून पाठवीत. नमुना लंडनला पोहोचेपर्यंत तो मृत तर असेच, शिवाय त्याचे मूळचे रंगही पुष्कळदा फिके पडलेले असत. अशा नमुन्याकडे पाहून तो प्राणी जिवंतपणी कोठे राहत होता, कसा चालत होता आणि डिवचल्यावर काय करीत होता, हे कळणे कठीण होते. म्हणून जिवंत प्राणी पाहिलेल्या व्यक्तींच्या टिपणांना पोकॉक मोल देत.

टॅरेंटुलांचे वर्गीकरण

टॅरेंटुला हे नाव मूळचे इटलीतील टारांटो शहराच्या परिसरात आढळणाऱ्या एका लांडगा कोळ्याचे होते. युरोपीय लोक अमेरिकेत गेल्यावर तेथील मोठ्या केसाळ कोळ्यांनाही ते नाव लावण्यात आले. आज टॅरेंटुला म्हणजे थेराफोसिडी या कुलातील कोळी, असा अर्थ रूढ आहे. पोकॉक यांच्या काळात या कुलाला ॲव्हिक्युलरिइडी असेही म्हटले जाई.

इ.स. १८९७ मध्ये पोकॉक यांनी म्युझियमच्या संग्रहातील आफ्रिकेच्या मोठ्या कोळ्यांचा आढावा प्रसिद्ध केला. टेरिनोकायलस म्युरिनस, हिस्टेरोक्रेटीस गायगस, सेरॅटोगायरस ही प्रजाती आणि सोकोत्रा बेटावरील मोनोसेन्ट्रोपस बाल्फोरी ही नावे त्याच वर्षातील होत. इ.स. १९०१ मध्ये त्यांनी अमेरिका खंडांतील कोळ्यांकडे लक्ष वळवले. ॲफोनोपेल्मा, पॅम्फोबेटियस आणि फॉर्मिक्टोपस या प्रजाती त्या वर्षी त्यांनी स्थापन केल्या.

केवळ रंग आणि आकार यांवर विसंबून केलेले वर्गीकरण या कोळ्यांच्या बाबतीत टिकत नाही, कारण एकाच जातीतील नर, मादी व पिल्ले यांचे रंग भिन्न असू शकतात. कात टाकण्यापूर्वीचा आणि नंतरचा रंगही वेगळा दिसतो. यामुळे पायांवरील केसांची मांडणी, जबड्यांजवळील काटे, डोळ्यांची जागा, आवाज काढणारे अवयव अशा स्थिर लक्षणांवर पोकॉक यांनी भर दिला.

भारतीय कोळ्यांवरील कार्य

भारतीय कोळ्यांवरील पोकॉक यांच्या लेखनाचा मुंबईशी निकटचा संबंध आहे. इ.स. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी इ.स. १८९९ मध्ये अनेक नव्या भारतीय अष्टपादांची वर्णने प्रसिद्ध केली. पोइसिलोथेरिया या झाडांवर राहणाऱ्या प्रजातीच्या सवयी, इतिहास आणि जाती यांविषयीचा त्यांचा लेखही याच नियतकालिकात इ.स. १९०० मध्ये आला. फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या ग्रंथमालेतील अष्टपादांवरील त्यांचा खंड त्याच वर्षी प्रकाशित झाला. भारतीय कोळी व विंचू यांच्या अभ्यासकाला या खंडापासूनच आरंभ करावा लागतो.

सह्याद्रीच्या परिसरातील अनेक कोळ्यांना याच काळात शास्त्रीय नावे मिळाली. नाशिक भागातील हेटेरोफ्रिक्टस मिलेटी, पश्चिम घाटात आढळणारा कायलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस आणि कारवारच्या बाजूचा थ्रिग्मोपियस ट्रुक्युलेंटस ही त्यांतील काही नावे. झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पोइसिलोथेरिया प्रजातीतील रेगॅलिस, फॉर्मोसा, मेटॅलिका, रुफिलाटा, ऑर्नाटा, स्ट्रायाटा आणि मिरांडा या जातींचे वर्णनही पोकॉक यांचेच आहे.

ही नावे बारकाईने पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. रेगॅलिस म्हणजे राजेशाही, फॉर्मोसा म्हणजे सुंदर, ऑर्नाटा म्हणजे अलंकृत, मिरांडा म्हणजे नवल वाटावे अशी, मेटॅलिका म्हणजे धातूप्रमाणे चकाकणारी. ही सर्व नावे रूपावरून दिलेली आहेत. स्वभाव सुचवणारे नाव त्यांत जवळपास एकच, ते म्हणजे ट्रुक्युलेंटस. त्याचा अर्थ उग्र. संग्रहालयातील मेजावर मृत नमुन्याचे रूप दिसते, स्वभाव दिसत नाही. हौशी पाळकही बहुधा रूप पाहूनच कोळी निवडतो आणि त्याची चूक येथेच होते.

आवाज करणारे कोळी

काही मोठे कोळी डिवचले असता सुस्काऱ्यासारखा किंवा खरखरीत आवाज काढतात. आसाममध्ये सापडलेल्या अशा एका कोळ्याचे वर्णन कोलकात्याच्या संग्रहालयातील जेम्स वुड-मेसन यांनी इ.स. १८७७ मध्ये केले होते. तो कोळी आज कायलोब्रॅकिस स्ट्रिड्युलन्स या नावाने ओळखला जातो. पोकॉक यांनी इ.स. १८९५ पासून या विषयावर लेख लिहिले आणि कोळी व विंचू यांच्या निरनिराळ्या गटांतील घर्षणाचे अवयव तपासले.

कायलोब्रॅकिसमध्ये हा अवयव जबडा आणि शेजारच्या स्पर्शपादाचा तळभाग यांच्यामध्ये असतो. एका बाजूला ताठ काटे आणि दुसऱ्या बाजूला जाडसर केसांची रांग असते. दोन्ही एकमेकांवर घासले की आवाज निर्माण होतो. हा आवाज नर मादीला बोलावण्यासाठी काढतो, असा एक तर्क त्या वेळी होता. पोकॉक यांनी तो नाकारला. हा अवयव नर व मादी या दोघांतही असतो आणि कोळी डिवचल्यावरच आवाज काढतो, या बाबींकडे त्यांनी लक्ष वेधले. खुळखुळ्या सापाप्रमाणे शत्रूला दूर राहण्याचा इशारा देणे हाच या आवाजाचा हेतू होय, असे त्यांनी प्रतिपादन केले.

कोळ्याचा स्वभाव समजून घेण्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे. पुढचे पाय उंचावून, विषदंत उघडून आवाज करणारा कोळी रागावलेला किंवा दुष्ट असतो असे नव्हे. आपणांस धोका आहे, असे त्याच्या शरीराने ओळखलेले असते आणि दंश करण्यापूर्वी तो शत्रूला माघार घेण्याची संधी देत असतो. इ.स. १९०१ मध्ये स्थापन केलेल्या ॲफोनोपेल्मा या अमेरिकी प्रजातीच्या नावातही ध्वनीचाच संदर्भ आहे. त्यातील पहिल्या भागाचा अर्थ निःशब्द असा होतो.

लंडन प्राणिसंग्रहालय

इ.स. १९०४ मध्ये पोकॉक यांनी म्युझियम सोडले आणि लंडन प्राणिसंग्रहालयाच्या अधीक्षकपदाची सूत्रे स्वीकारली. बाटलीतील नमुन्यांऐवजी आता जिवंत प्राणी त्यांच्यासमोर आले. इ.स. १९२३ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते या पदावर होते. प्राण्यांचे पंजे, कान, नाकपुड्या, गंधग्रंथी अशा बाह्य लक्षणांवर त्यांनी या काळात विपुल लेखन केले. मृत नमुन्याच्या वाळलेल्या कातड्यात ही लक्षणे नष्ट होतात, म्हणून या नोंदींना विशेष महत्त्व आहे.

येथे त्यांनी प्रयोगही केले. इ.स. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी ब्रिटनमधील कीटक प्राणिसंग्रहालयातील पक्ष्यांना व अन्य प्राण्यांना खाण्यास देऊन कोणते कीटक स्वीकारले जातात आणि कोणते टाकून दिले जातात, याची नोंद केली. भडक रंग हा बेचव किंवा विषारी असण्याचा इशारा असतो, हा पोल्टन यांच्या अभ्यासाचा विषय त्यांनी अशा रीतीने प्रत्यक्ष तपासून पाहिला.

सस्तन प्राण्यांवरील कार्य

इ.स. १९१६ मध्ये पोकॉक यांनी सिंह, वाघ, बिबट्या आणि जॅग्वार यांना कवटीच्या समान लक्षणांवरून पँथेरा या प्रजातीत एकत्र ठेवले. सिंहाच्या कंठातील अस्थींच्या रचनेचा अभ्यासही त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. मार्जार कुलातील कोणते प्राणी डरकाळी फोडतात आणि कोणते नाही, या प्रश्नाचा विचार त्यांनी कंठाच्या रचनेच्या आधारे केला. कोळ्यांच्या आवाजाचा विचारही त्यांनी वीस वर्षांपूर्वी अवयवांच्या आधारेच केला होता.

महाराष्ट्राशी त्यांचा आणखी एक संबंध कोल्हापूरमुळे आला. इ.स. १९१० मध्ये कोल्हापूर येथे बिबट्या आणि सिंहीण यांच्या संकरातून दोन बछडे जन्मले. त्यांतील एक अडीच महिन्यांचे असताना मेले. त्याचे कातडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पोकॉक यांच्याकडे पाठवले. पोकॉक यांनी इ.स. १९१२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या संकराची ही पहिली शास्त्रीय नोंद मानली जाते.

निवृत्तीनंतर ते ब्रिटिश म्युझियमच्या सस्तन प्राणी विभागात विनावेतन संशोधन करू लागले. फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया मालेतील सस्तन प्राण्यांवरील त्यांचे दोन खंड इ.स. १९३९ आणि इ.स. १९४१ मध्ये प्रकाशित झाले. तोपर्यंत त्यांच्या वयाची पंचाहत्तरी उलटून गेली होती. फेलिस प्रजातीची त्यांची सूची त्यांच्या मृत्यूनंतर इ.स. १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली.

पाळीव टॅरेंटुला आणि पोकॉक यांचे वर्गीकरण

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टॅरेंटुला पाळण्याची हौस अमेरिका व युरोप येथे वाढली. या कोळ्यांना जागा थोडी लागते, खाणे कमी लागते आणि अनेक जातींच्या माद्या वीस वर्षांहून अधिक जगतात. नर मात्र प्रौढ झाल्यावर फार काळ जगत नाहीत. नवशिक्या पाळकापुढे पहिला प्रश्न जातीच्या निवडीचा असतो. त्याचे उत्तर शोधताना प्रजातीचे नाव हाच सर्वांत विश्वसनीय आधार ठरतो.

ढोबळमानाने या कोळ्यांचे दोन गट केले जातात. अमेरिका खंडांतील बहुसंख्य जातींच्या उदरावर खाजरे केस असतात. धोका वाटला की कोळी मागच्या पायांनी ते केस उडवतो. त्यांमुळे त्वचेला खाज सुटते आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. तथापि या गटाचे विष माणसासाठी सामान्यतः सौम्य असते. आशिया व आफ्रिका येथील जातींच्या अंगी असे केस नसतात. त्या अधिक चपळ असतात, स्वसंरक्षणार्थ दंश करण्यास लवकर प्रवृत्त होतात आणि त्यांचे विषही अधिक तीव्र असते. टॅरेंटुलाच्या दंशाने मनुष्य दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. परंतु पोइसिलोथेरियाच्या दंशानंतर स्नायूंत वेदनादायक पेटके येतात आणि ते काही दिवस टिकू शकतात.

नवशिक्यांसाठी सामान्यतः योग्य समजल्या जाणाऱ्या प्रजाती व जाती अशा:

* ब्रॅकिपेल्मा - मेक्सिकोतील जमिनीवर राहणारे, संथ चालीचे कोळी. लाल गुडघ्यांची जाती विशेष लोकप्रिय आहे. इ.स. २०१७ मधील अभ्यासानुसार या रूपाखाली स्मिथी आणि हॅमोराय अशा दोन जाती आहेत व पाळकांकडील स्मिथी म्हणवले जाणारे अनेक कोळी वस्तुतः हॅमोराय आहेत.
* टिल्टोकॅटल अल्बोपिलोसस - मध्य अमेरिकेतील कुरळ्या केसांचा कोळी. काटक व शांत.
* ग्रॅमोस्टोला - दक्षिण अमेरिकेतील प्रजाती. चिलीतील गुलाबी छटेची जाती महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते. सहसा शांत, मात्र काही कोळी अनपेक्षितपणे बचावाचा पवित्रा घेतात.
* ॲफोनोपेल्मा - पोकॉक यांनी स्थापन केलेली, उत्तर व मध्य अमेरिकेतील प्रजाती. वाढ अतिशय मंद, आयुष्य दीर्घ.

नवशिक्यांनी टाळाव्यात अशा जातींच्या यादीत पोकॉक यांनीच वर्णिलेल्या जाती मोठ्या संख्येने येतात:

* पोइसिलोथेरिया - भारत व श्रीलंका येथील वृक्षवासी कोळी. सहसा पळून लपण्याकडे कल, परंतु वेग विलक्षण आणि विष तीव्र.
* टेरिनोकायलस म्युरिनस - आफ्रिकेतील कोळी. नावाचा अर्थ उंदराच्या रंगाचा, पण पाळकांकडे आढळणारे कोळी बहुधा भडक नारिंगी असतात. बचावाची वृत्ती अत्यंत तीव्र.
* हेटेरोस्कोड्रा मॅक्युलाटा - पश्चिम आफ्रिकेतील, अतिशय वेगवान वृक्षवासी कोळी.
* कायलोब्रॅकिस - बिळात व जाळ्याच्या बोगद्यात राहणारे आशियाई कोळी. बीळ उघडले गेल्यास तत्काळ बचावाला उभे राहतात.

खंडावरून केलेली ही विभागणी निरपवाद नाही. फॉर्मिक्टोपस आणि पॅम्फोबेटियस या पोकॉक यांच्या प्रजाती अमेरिकेतील असूनही त्यांतील कोळी आकाराने मोठे आणि बिथरण्यास चटकन प्रवृत्त होणारे असतात. उलटपक्षी सोकोत्रातील मोनोसेन्ट्रोपस बाल्फोरी जुन्या जगातील असून एकाच जागी गटाने राहू शकतो. तरीही तो वेगवान असल्याने नवशिक्यांसाठी नाही.

स्वभावाची पारख

टॅरेंटुलाची दृष्टी अधू असते. त्याचे जग मुख्यतः केसांना जाणवणाऱ्या कंपनांचे असते. पाळकाचा हात त्याला ओळखीचा होत नाही आणि त्याला माया लागते, असेही म्हणता येत नाही. शांत कोळी म्हणजे ज्याला धोक्याची जाणीव उशिरा होते तो, एवढाच त्याचा अर्थ. मॉर्गन यांचा नियम येथे तंतोतंत लागू पडतो.

एखाद्या कोळ्याची पारख करताना प्रथम त्याचे वय, लिंग आणि कात टाकण्याची वेळ विचारात घ्यावी लागते. कात जवळ आली की कोळी खाणे सोडतो, त्याचे उदर काळवंडते आणि तो अधिक संवेदनशील होतो. या स्थितीत पाहिलेला कोळी उग्र वाटू शकतो. लांब मऊ कुंचल्याने मागच्या पायाला हलकेच स्पर्श केल्यास तो सावकाश पुढे सरकतो, केस उडवतो, पळतो की पुढचे पाय उंचावतो, हे पाहता येते. एका वेळच्या पाहणीवरून मत बनवू नये. लपण्यास जागा आणि बीळ करण्यास पुरेशी माती मिळाली की उग्र समजला जाणारा कोळीही बहुधा दिसेनासा होतो. हातावर घेण्याची गरज कोणत्याही जातीला नसते. उंचावरून पडल्यास कोळ्याचे उदर फुटून तो मरू शकतो.

या सर्व निरीक्षणांआधी जातीची ओळख पटणे आवश्यक असते. चुकीच्या नावाने विकलेल्या पिल्लाचा रंग प्रौढपणी बदलतो आणि सौम्य म्हणून आणलेला प्राणी वेगळाच निघतो. म्हणून शास्त्रीय नाव सांगणाऱ्या आणि बंदिवासात जन्मलेली पिल्ले देणाऱ्या पाळकाकडूनच कोळी घ्यावा, असे जाणकार सांगतात.

गुटीचा निळा कोळी

पोइसिलोथेरिया मेटॅलिका या जातीचे वर्णन पोकॉक यांनी इ.स. १८९९ मध्ये एकमेव नमुन्यावरून केले. तो नमुना आजच्या आंध्र प्रदेशातील गुटी येथील रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडला होता. त्यानंतर शंभर वर्षे ही जाती निसर्गात कोणाला आढळली नाही. इ.स. २००१ मध्ये गुटीपासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधील जंगलात ती पुन्हा सापडली. पहिला नमुना लाकडांबरोबर रेल्वेने गुटीला आला असावा, असे मानले जाते.

झळाळत्या निळ्या रंगामुळे ही जाती पाळकांमध्ये अल्पावधीत प्रसिद्ध झाली आणि आज ती बंदिवासात मोठ्या प्रमाणावर वाढवली जाते. मूळ अधिवास मात्र जंगलतोडीमुळे आक्रसत आहे. इ.स. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिचा समावेश अतिसंकटग्रस्त जातींत केला. इ.स. २०१९ मध्ये पोइसिलोथेरिया ही संपूर्ण प्रजाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आली. नव्या पाळकाला तिचा रंग मोहात पाडतो, परंतु वेग, विष आणि दुर्मिळता या तिन्ही कारणांनी ही जाती त्याच्यासाठी नाही.

मृत्यू आणि वारसा

९ ऑगस्ट, इ.स. १९४७ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी पोकॉक यांचे निधन झाले. ज्या देशातील प्राण्यांवर त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ लिहिले, तो देश त्यानंतर सहाच दिवसांनी स्वतंत्र झाला.

त्यांच्या काही प्रजाती पुढील संशोधनात इतर प्रजातींत विलीन झाल्या, काहींची पुन्हा विभागणी झाली. तरीही सह्याद्रीत कोळी शोधणाऱ्या भारतीय अभ्यासकांना पोकॉक यांची वर्णने तपासल्यावाचून नवी जाती जाहीर करता येत नाही. टॅरेंटुला पाळणाऱ्यांपैकी अनेकांना त्यांचे नाव केवळ जातीच्या नावापुढे लिहिलेले आडनाव म्हणून परिचित आहे. म्युरिनस, मॅक्युलाटा, मेटॅलिका, रेगॅलिस या नावांपुढे ते आडनाव दिसले, की नवशिक्याने सहसा दुसऱ्या जातीकडे वळावे. ॲफोनोपेल्मा हे नाव दिसले, तर तेथे थांबण्यास हरकत नाही.